गुडघ्यात आपलंच रक्त!

केसांच्या क्लिनिकमधून निघालेलं पीआरपी आता गुडघ्यात, कोपरात आणि टाचेतही पोचलंय. सुई टोचून घेण्याआधी थोडा हिशेब मांडू या.

'प्लेटलेट' हा शब्द आपल्या घराघरांत डेंग्यूने आणला. कुणी तापाने फणफणलं, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न 'ताप किती?' असा नसतोच. 'प्लेटलेट्स किती आल्या?' हे आधी विचारलं जातं. त्या वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस काढणारी एक तरी मावशी प्रत्येक खानदानात आहेच. पुढे केस गळणाऱ्या मंडळींनी हाच शब्द स्किन क्लिनिकमध्ये ऐकला. आपलंच रक्त काढायचं, फिरवायचं आणि डोक्यात टोचायचं. सीटिंगचं पॅकेज, वर ईएमआयची सोय! आणि आता तोच शब्द हाडांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये येऊन बसलाय.

वीकएन्डला टर्फवर क्रिकेट खेळताना मांडीमागचा स्नायू ओढला गेला? पीआरपी. माऊस धरून धरून कोपर ठणकतंय? पीआरपी. सकाळी उठल्यावर टाच जमिनीवर टेकवत नाही? पीआरपी. आणि मग एके दिवशी वर्ध्याहून आईचा फोन येतो. 'काय सांगू बावा, जिना चढाचा म्हटलं का गुडघा बोंबलते. डॉक्टर म्हणते, तुमचंच रक्त काढून गुडघ्यात टाकू. घेऊ का?'

हिंजवडीत किंवा ठाण्यात लॅपटॉपसमोर बसलेल्या लेकाने किंवा लेकीने यावर काय उत्तर द्यायचं? 'घे ना, पैसे पाठवतो' हे सगळ्यांत सोपं उत्तर आहे. दूर राहणाऱ्या मुलांना आईवडिलांसाठी काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं, आणि ट्रान्स्फर तर दोन मिनिटांत होते. पण या प्रश्नाचं खरं उत्तर दोन मिनिटांचं नाही. म्हणून आजचा कॉलम.

आहे तरी काय हे?

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. मराठीत सांगायचं तर, प्लेटलेट्स जास्त असलेला रक्तातला पिवळसर द्रव. दंडातून साधारण २० ते ६० मिलिलिटर रक्त काढतात. ते गोठू नये म्हणून त्यात औषध घालतात आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवून गरागरा फिरवतात. जड लाल पेशी तळाला बसतात, प्लाझ्मा वर येतो आणि मधे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सचा एक पातळ थर राहतो. त्यातून हवा तो भाग उचलतात. हातात येतात जेमतेम काही मिलिलिटर. तेच दुखऱ्या जागी टोचायचं, शक्यतो सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई बघत. अॅडमिट व्हावं लागत नाही, टाके नाहीत, तासाभरात घरी.

यामागची कल्पना मात्र खरंच छान आहे. आपल्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. बोट कापलं की त्याच सगळ्यांत आधी धावून येतात आणि जखमेचं तोंड बुजवतात. पण त्यांचं काम तेवढ्यावर संपत नाही. त्यांच्या पोटात बारीक पिशव्या असतात आणि त्या पिशव्यांत 'ग्रोथ फॅक्टर' नावाची प्रथिनं असतात. जखम झाली की ही प्रथिनं बाहेर पडतात आणि दुरुस्तीच्या पेशींना जणू आवतण देतात. आता गंमत बघा. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या टेंडनला रक्तपुरवठा कमी, आणि सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे ज्याला आपण 'गादी' म्हणतो तिला, तर रक्तवाहिन्याच नाहीत. म्हणूनच या जागा लवकर भरून येत नाहीत. मग जिथे रक्त पोचत नाही तिथे दुरुस्तीचं सामान आपणच सुईने पोचवलं तर? सामान्य रक्तापेक्षा तीन ते पाच पट प्लेटलेट्स एकदम दिल्या तर?

ऐकायला एकदम लॉजिकल. शिवाय रक्त आपलंच, त्यामुळे अॅलर्जीची भीती जवळजवळ नाही. स्टेरॉइड नाही, 'केमिकल' नाही. 'नॅचरल' म्हटलं की आपण अर्धे तिथेच विरघळतो!

स्टार मंडळींचं इंजेक्शन

पीआरपी मुळात काही खेळाडूंसाठी निघालेलं नव्हतं. १९८७ मध्ये ओपन हार्ट सर्जरीत त्याचा वापर झाला. १९९८ मध्ये अमेरिकेतले जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी हाडाच्या कलमासोबत ते वापरून पाहिलं आणि दंतवैद्यांमध्ये त्याचं नाव झालं. पण ग्लॅमर आलं ते २००९ मध्ये. पिट्सबर्ग स्टीलर्सचा हाइन्स वॉर्ड गुडघ्याच्या दुखापतीनंतर काही दिवसांतच सुपर बोलच्या फायनलमध्ये उतरला, टीम जिंकली आणि त्याने मधल्या काळात पीआरपी घेतल्याची बातमी जगभर गेली. मग टायगर वूड्स. २०१० मध्ये राफाएल नदालच्या गुडघ्यांची पाळी. आणि त्याच वर्षी नदालने फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि यूएस ओपन अशी तिन्ही विजेतेपदं पटकावली. एवढी जाहिरात फुकटात कुणाला मिळते?

उत्तेजक द्रव्यांवर नजर ठेवणारी 'वाडा' ही संस्थाही दचकली. २०१० च्या यादीत तिने स्नायूमध्ये पीआरपी टोचायला बंदी घातली आणि २०११ मध्ये ती उठवूनही टाकली. पीआरपीमुळे खेळाडूची ताकद नेहमीपेक्षा वाढते, असा पुरावाच मिळाला नव्हता. बंदीमुळे वाढलेला दबदबा मात्र कायम राहिला. 'बंदी होती म्हणजे काहीतरी पॉवर असणारच' हा आपला आवडता तर्क आहे.

पण नदालकडे पीआरपीशिवाय आणखी काय काय होतं, हे कुणी विचारलं नाही. रोजचा फिजिओ, रोजचा ट्रेनर, वेळेवर आराम, मोजून वाढवलेला व्यायाम. यातलं श्रेय कुणाचं? एका माणसावरून ते कधीच कळत नाही. म्हणून तर ट्रायल्स कराव्या लागतात.

सामना मिठाच्या पाण्याशी

इंजेक्शनची परीक्षा घ्यायची साधी रीत आहे. पेशंटचे दोन गट करायचे. एकाला पीआरपी आणि दुसऱ्याला नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं हे पेशंटला कळू द्यायचं नाही. मग काही महिन्यांनी हिशेब. या सामन्यात पीआरपीचं काय झालं?

आधी स्नायू. २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूच्या दुखापतीचा अभ्यास छापला. ८० खेळाडू. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना सलाइन. मैदानात परत यायला पीआरपीवाल्यांना लागले ४२ दिवस. आणि सलाइनवाल्यांना? तेही ४२ दिवस!

मग टेंडन. टाचेमागच्या जाड अकिलीस टेंडनच्या जुनाट दुखण्यावर २०१० मध्ये नेदरलँड्सचाच एक अभ्यास आला होता, ५४ पेशंटचा. सहा महिन्यांनी दोन्ही गटांना आराम होता आणि दोघांत फरक नव्हता. दोन्ही गटांकडून एकच व्यायाम करून घेतला होता, ही त्यातली बघण्यासारखी गोष्ट. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये २४० जणांवर पुन्हा मोठी ट्रायल झाली. निकाल तोच.

टेनिस एल्बोची गोष्ट जरा वेगळी आहे. २०१० मध्ये १०० पेशंटच्या एका अभ्यासात वर्षभरानंतर पीआरपी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं आणि जिकडेतिकडे त्याचा बोलबाला झाला. पण तुलना कुणाशी झाली ते बघा. टेनिस एल्बोत स्टेरॉइडने सुरुवातीला बरं वाटतं, पण वर्षाच्या शेवटी स्टेरॉइड घेणारेच मागे पडतात, हे २००६ मध्ये १९८ जणांच्या एका ट्रायलमध्ये आधीच दिसलं होतं. काहीच न करता वाट बघणाऱ्यांची स्थितीसुद्धा वर्षाअखेर त्यांच्याहून बरी होती. म्हणजे पीआरपीने हरवलं ते लंगड्या घोड्याला. २०२१ मध्ये 'कॉक्रेन' या संस्थेने ३२ अभ्यास एकत्र तपासले. खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत टेनिस एल्बोत पीआरपीचा म्हणण्यासारखा फायदा त्यांना दिसला नाही.

आणि आता आईचा गुडघा. इथे मामला खरंच गुंतागुंतीचा आहे. आपल्याच देशात, चंदिगडच्या पीजीआयमध्ये ७८ पेशंटच्या १५६ गुडघ्यांवर अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये छापून आला. पीआरपी घेणाऱ्यांचं दुखणं सलाइनवाल्यांपेक्षा स्पष्ट कमी झालं. एक इंजेक्शन आणि दोन इंजेक्शनं यांत मात्र फरक पडला नाही, आणि सहा महिन्यांकडे येताना फायदाही ओसरायला लागला. मग २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून २८८ जणांची मोठी ट्रायल आली. दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, आणि वर्षभर लक्ष. दहापैकी मोजलेली वेदना पीआरपीने २.१ ने कमी झाली आणि सलाइनने १.८ ने. एमआरआयमध्ये कूर्चेची झीज मोजली, तर तिथेही फरक नाही.

हे आकडे पुन्हा वाचा. मिठाच्या पाण्यानेसुद्धा दुखणं जवळजवळ दोन अंकांनी उतरलं! त्यात नाटक कुणाचंच नाही. गुडघेदुखी भरतीओहोटीसारखी असते. फार दुखायला लागलं की आपण डॉक्टरकडे जातो, आणि त्यानंतर ती तशीही थोडी ओसरते. त्यात सुई, मशीन, डॉक्टरांचा आश्वासक हात. या सगळ्याचा खराखुरा परिणाम होतो. म्हणूनच 'शेजारच्या काकूंना बरं वाटलं' हे खोटं नसतं, पण पुरावाही नसतो.

यामुळे तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी वापरू नका, असं ठणकावून सांगितलं. तिथल्याच हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ मध्ये 'दुखणं कमी होऊ शकतं' अशी मर्यादित शिफारस केली. दोन्हीकडे शिकलेलीच माणसं आहेत, बरं का.

सावजी रस्सा आणि पीआरपी

हा गोंधळ का? वर्धा-नागपूरकडच्या वाचकांना एका वाक्यात कळेल. पीआरपी हे सावजीसारखं आहे. पाटी सगळीकडे तीच, पण प्रत्येक भोजनालयाचा रस्सा वेगळा.

कुणी रक्त एकदा फिरवतं, कुणी दोनदा. कुणाच्या नळीत प्लेटलेट्स दुप्पट होतात, कुणाच्या पाचपट. कुणी पांढऱ्या पेशी ठेवतं, कुणी काढून टाकतं. त्यात तुमच्या स्वतःच्या रक्तात मुळात प्लेटलेट्स किती, हाही प्रश्न आहेच. कंपनीची गोळी घेतली तर तिच्यात ५०० मिलिग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅमच असतात. पीआरपीच्या सिरिंजमध्ये नेमकं किती काय आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी ते मोजलंच जात नाही. त्यामुळे 'पीआरपीचा उपयोग होतो का?' या प्रश्नाला 'कुठलं पीआरपी, कुठल्या दुखण्यात?' असा उलटा प्रश्नच करावा लागतो.

वर्ध्यात दुखतं कुणाचं?

स्पोर्ट्स इंजरी म्हटलं की आपल्याला नदाल आठवतो. पण पहाटे वर्ध्याहून सेवाग्रामच्या रस्त्याला निघा. अंधारात बूट आपटत धावणारी पोरं दिसतील. ती मॅरेथॉनवाली नव्हेत, पोलीस भरतीवाली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सेकंदाला मार्क आहेत आणि मार्कांवर अख्ख्या घराचं गणित. डांबरी रस्ता, झिजलेले बूट, वॉर्मअपच्या नावाने बोंब. मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर असताना मांडीमागे 'कट्' असा आवाज येतो, आणि कुणीतरी सांगतं, 'एक इंजेक्शन घे, आठवडाभरात धावशील.'

या पोराच्या हातातले ते काही हजार रुपये बापाच्या कापसाचे असतात. त्याला ४२ विरुद्ध ४२ दिवसांची गोष्ट सांगणं हे आपलं काम आहे. इंजेक्शनच्या भरवशावर तो आठव्या दिवशी फुल स्पीडने धावला, तर तोच स्नायू पुन्हा फाटण्याची भीती आहे. त्याच्या उपयोगाची गोष्ट फुकट आहे. गुडघे टेकून बसायचं, मित्राने घोटे धरायचे आणि शरीर हळूहळू पुढे सोडायचं. याला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग म्हणतात. टीमच्या सरावात हा व्यायाम घेतल्यावर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्याचं २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. अर्थात, हा दुखण्याआधीचा उपाय. दुखल्यानंतर तो कधी आणि किती करायचा, हे फिजिओच सांगणार.

आणि टेनिस एल्बो? ज्यांनी जन्मात रॅकेट धरलेली नाही, त्यांनाच तो जास्त छळतो. पाने फिरवणारा मेकॅनिक, ओली चादर पिळणारी बाई, दिवसभर माऊस पकडून बसलेले तुम्हीआम्ही. गुडघ्यांचं तर विचारूच नका. कापूस वेचताना, सोयाबीन सोंगताना वर्षानुवर्षं वाकलेले, उकिडवे बसलेले हे गुडघे. त्यांचा एक्स-रे काढला की रिपोर्टमध्ये 'झीज' असतेच.

सुदैवाने वर्ध्याला एक गोष्ट मुबलक आहे, डॉक्टर! पाच-दहा किलोमीटरच्या टापूत दोन मेडिकल कॉलेजं असलेली छोटी शहरं महाराष्ट्रात किती असतील? सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलेलं कस्तुरबा रुग्णालय आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कॉलेज. सावंगी (मेघे) इथे १९९० पासूनचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. पीआरपीविषयीचे शोधनिबंध सावंगीच्या डॉक्टरांच्या नावावरही आहेत. तिथेच रवि नायर फिजिओथेरपी कॉलेजही आहे. म्हणजे सेकंड ओपिनियनसाठी नागपूरची गाडी पकडायची गरज नाही.

सेवाग्रामची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथे १९८० च्या दशकात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमा सुरू केला, आणि हप्ता कशात? तर ज्वारीत! सुगीच्या वेळी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर दवाखान्यात सवलत घ्यायची. याच रुग्णालयाचे डॉ. एस. पी. कलंत्री नको असलेल्या तपासण्या आणि नको असलेल्या औषधांविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत-लिहीत आले आहेत. उपचार पायलीने मोजायची ही सवय आपण शहरात विसरलो. पीआरपीचं कोटेशन हातात आलं की एकदा ते ज्वारीत बदलून बघा. किती पायल्या जाणार, आणि बदल्यात मिठाच्या पाण्यापेक्षा किती जास्त मिळणार?

मग आईला काय सांगायचं?

पहिला प्रश्न, झीज कितपत आहे? सुरुवातीची किंवा मध्यम असेल, तर पीआरपीने काही महिने आराम पडण्याची शक्यता आहे. ती शक्यता म्हणजे खात्री नव्हे, पण शून्यही नाही. व्यायाम करून झाला, वजन उतरवून झालं, तरी दुखतंय, पेनकिलरने पित्त होतंय, आणि पैशांची ओढाताण नाही, अशा वेळी सगळं समजून-उमजून एक प्रयोग म्हणून घ्यायला हरकत नाही. पण हाडाला हाड घासायला लागलं असेल, पाय धनुष्यासारखा वाकला असेल, तर त्या गुडघ्यात पीआरपी टाकणं म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणं. तिथे 'गादी नव्याने तयार होते', 'वंगण परत येतं', 'ऑपरेशन टळतं' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर नम्रपणे उठा आणि दुसरा दरवाजा वाजवा. अशा आश्वासनांत पैसे तर जातातच, पण ऑपरेशनची योग्य वेळही निघून जाते. तोवर आई घराबाहेर पडणं बंद करते, मांडीचे स्नायू आणखी सुकतात, आणि ते नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

दुसरा प्रश्न, व्यायाम खरंच केला का? पंधरा दिवस पायाला शेक घेणं म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. गुडघेदुखीवरच्या मोठमोठ्या मार्गदर्शक सूचनांत इंजेक्शनांवरून कितीही भांडणं असोत, व्यायामावर सगळ्यांचं एकमत आहे. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो पाच सेकंद दाबून धरायचा. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं. फिजिओने शिकवलेलं हे सगळं निदान दोन-तीन महिने, नेमाने. आणि वजन. एक किलो उतरलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोचा भार उतरतो. पाच किलो म्हणजे वीस किलो. इतका स्वस्त सौदा बजाज चौकातल्या बाजारातही मिळायचा नाही!

प्रॉब्लेम एवढाच, की व्यायाम दिसायला बोअरिंग आहे. त्यात मशीन नाही, सुई नाही, बिल नाही. 'आईला इंजेक्शन दिलं' हे व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगता येतं. 'आईकडून रोज वीस वेळा खुर्चीतून ऊठबस करून घेतो' हे सांगायला कसंसंच वाटतं. पण परगावच्या मुलांना पैसे पाठवण्यापलीकडे खरंच काही करायचं असेल, तर तेच करावं लागेल. रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल, पंधरा मिनिटं. तिनेही करायचं आणि तुम्हीही. तुमचे गुडघे काय फार तरुण आहेत, असं वाटतंय का?

सुई टोचण्याआधी विचारा...

- माझं निदान नक्की काय? स्नायू, टेंडन की सांधा? झीज कुठल्या स्टेजची?

- मी व्यायामाचा पूर्ण कोर्स केला नसेल, तर आधी तो का नको?

- प्लेटलेट्स किती पट होतात? मोजता का? पांढऱ्या पेशी ठेवता की काढता?

- सुई सोनोग्राफीत बघून टोचणार का?

- किती इंजेक्शनं? 'तीनचं पॅकेज' का? एक घेऊन परिणाम बघता येईल का?

- उपयोग झाला नाही, तर पुढचा प्लॅन काय?

...आणि हे सांगायला विसरू नका

- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

- प्लेटलेट्स कमी आहेत का, नुकताच डेंग्यू होऊन गेलाय का. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. घरात कुणाला असेल, तर तेही सांगा.

- कॅन्सरचा इतिहास, कुठलंही इन्फेक्शन, टोचायच्या जागी जखम किंवा गळू.

- पेनकिलर घेताय का. अशा काही गोळ्यांनी प्लेटलेट्सचं काम मंदावतं, म्हणून त्या आधी आणि नंतर काही दिवस थांबवायला सांगतात. किती दिवस, ते डॉक्टरांनाच विचारा.

- आणि एवढं करून इंजेक्शन घेतलंच, तर पुढचे दोन-तीन दिवस दुखणं वाढू शकतं. घाबरू नका. पण ताप आला, सांधा लाल होऊन सुजला, हात लावू देईना, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा.

आपलं रक्त आपल्याच कामी यावं, ही कल्पना कुणालाही आवडेल अशीच आहे. पण ते रक्त गुडघ्यापर्यंत न्यायला निसर्गानेही एक पंप दिलाय. चालायला लागलं, मांडीचे स्नायू हलले की तो सुरू होतो. त्याचं अपॉइंटमेंट आज संध्याकाळचंच मिळतंय.

पुढच्या आठवड्यात बोलू या सकाळच्या पहिल्या पावलाबरोबर ओरडणाऱ्या टाचेबद्दल. तोवर, खुर्चीतून उठा बघू. हातांचा आधार न घेता!